डी.सी. म्हणजे कलेक्टरच ना?

बिदरच्या शाळकरी मुलाला विचारा, जिल्ह्याचा सगळ्यात मोठा साहेब कोण? तो म्हणेल, "डी.सी." उदगीरच्या मुलाला विचारा, तो म्हणेल, "कलेक्टर." ही दोन गावं इतकी जवळ आहेत की सकाळी निघालं तर काम उरकून संध्याकाळच्या आत घरी परत येता येतं. दोन्हीकडे तीच ज्वारी, तीच तूर, बऱ्याच घरांत तीच सोयरीक. साहेबाचं नाव तेवढं वेगळं.

गंमत अशी की ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत ही दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात होती. हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके होते. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. हे तीन तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, हुमनाबादसह बिदर म्हैसूर राज्यात आलं. गुलबर्गा, म्हणजे आजचं कलबुर्गी, तेही म्हैसुरात आलं. त्या दिवसापासून आपल्याकडच्या पाट्यांवरची अक्षरं बदलली.

आपल्या मंडळाच्या मेळाव्यात आजी-आजोबा भेटले की त्यांची एक तक्रार ठरलेली असते. "हापिसात कोण कोण असतं तेच कळत नाही, सगळी ए-बी-सी-डी." हसण्यावारी नेण्यासारखी ही तक्रार नाही. डी.सी., ए.सी., ई.ओ., पी.डी.ओ., एफ.डी.ए. ही अक्षरं ज्याला उलगडतात त्याचं काम एका फेरीत होतं. ज्याला उलगडत नाहीत तो चार दारं फिरतो. म्हणून या वेळी विषय घेतला आहे सरकारी पदांच्या आद्याक्षरांचा. मी भालकीत वाढले, बी.ई. बिदरला केलं आणि आता बंगळुरूत सॉफ्टवेअरमध्ये काम करते. सरकारी नोकरीशी माझा संबंध नाही, पण आमच्या घरातले अर्ज बरीच वर्षं माझ्याच हातचे आहेत.

तालुकदार ते डी.सी.

आधी थोडा इतिहास, कारण अक्षरांचा गोंधळ तिथूनच आला आहे.

निजामाच्या राज्यात पहिल्या सालारजंगांनी १८६५ च्या सुमारास जिल्हे बांधले. जिल्ह्याच्या प्रमुखाला म्हणत अव्वल तालुकदार. त्याच्या हाताखाली दोम आणि सोम तालुकदार, म्हणजे दुसरा आणि तिसरा. तालुक्याला तहसीलदार. म्हणजे तालुकदार जिल्ह्याचा आणि तहसीलदार तालुक्याचा! अनेक जिल्हे मिळून सुभा, त्याचा सुभेदार. गुलबर्गा हे असंच एका सुभ्याचं ठाणं होतं. गावात माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी. राज्याचा धनी स्वतः एच.ई.एच., म्हणजे 'हिज एक्झॉल्टेड हायनेस'. हा किताब इंग्रजांनी १९१८ मध्ये मीर उस्मान अली खानांना दिला होता. आद्याक्षरांचा सोस तेव्हाही होताच.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि निजामशाही संपली. तालुकदार जाऊन कलेक्टर आले. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र पटवारी, पेशकार, गिरदावर राहिलेच. पेशकार म्हणजे आजचा नायब तहसीलदार आणि गिरदावर म्हणजे महसुलातला सर्कल. आपल्या भागात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर विचारून बघा, हे शब्द अजून निघतात.

आठ वर्षांनी आपण म्हैसूर राज्यात आलो. म्हैसूरचा इतिहास निराळा. १८३१ ते १८८१ अशी पन्नास वर्षं म्हैसूर संस्थानचा कारभार इंग्रज कमिशनरांच्या हाती होता. वर कमिशनर, म्हणून जिल्ह्यात त्याचा डेप्युटी कमिशनर. हेच नाव पुढे टिकलं. मुंबई इलाख्यात मात्र कंपनीच्या काळापासून महसूल गोळा करणारा तो कलेक्टर. एक नाव 'कुणाच्या हाताखाली' हे सांगतं, दुसरं 'काय काम करतो' हे सांगतं. काम दोघांचंही एकच. आणि डेप्युटी कमिशनर हे नाव महाराष्ट्राला अगदीच परकं आहे असंही नाही. मध्य प्रांत-वऱ्हाडात, म्हणजे नागपूर-अमरावतीकडे, जिल्ह्याचा प्रमुख इंग्रजी अमदानीत डेप्युटी कमिशनरच होता.

'डेप्युटी' शब्दामुळे महाराष्ट्रातल्या पाहुण्यांचा हमखास गैरसमज होतो. त्यांना वाटतं डी.सी. म्हणजे डेप्युटी कलेक्टर, कुणीतरी दुय्यम. "डेप्युटीकडे कशाला, थेट कलेक्टरकडेच जाऊ," असं म्हणत माणसं कलेक्टर ऑफिस शोधत राहतात. त्याच्या वर जिल्ह्यात कुणी नाही. वर आहेत ते कलबुर्गीचे आर.सी., म्हणजे रीजनल कमिशनर, आणि त्यांच्याकडे पूर्ण महसूल विभाग असतो. कर्नाटकात असे चार विभाग आहेत: बंगळुरू, म्हैसूर, बेळगाव आणि कलबुर्गी.

इकडचं आणि तिकडचं

आता कामाची यादी. ही कापून फ्रिजवर लावली तरी चालेल. आधी कर्नाटकातलं पद, मग महाराष्ट्रातलं.

जिल्हा: इकडे डी.सी., तिकडे कलेक्टर. कानडी आणि मराठी पाटीवर मात्र दोन्हीकडे 'जिल्हाधिकारी' हाच शब्द, कानडीत फक्त 'जिल्ला' असा लिहिलेला.

उपविभाग: इकडे ए.सी., म्हणजे असिस्टंट कमिशनर. तिकडे एस.डी.ओ., म्हणजे उपविभागीय अधिकारी. लोकांच्या तोंडी 'प्रांत'.

तालुका: दोन्हीकडे तहसीलदार. या शब्दाला कुठल्याच सरकारनं हात लावला नाही.

मंडळ: इकडे होबळी आणि तिचा आर.आय., म्हणजे रेव्हेन्यू इन्स्पेक्टर. कानडीत 'कंदाय निरीक्षक'. कंदाय म्हणजे महसूल. तिकडे मंडळ अधिकारी, ज्यांना लोक 'सर्कल' म्हणतात.

गावचा महसूल: इकडे व्ही.ए., म्हणजे व्हिलेज अकाउंटंट. कानडीत 'ग्राम लेक्काधिकारी', कारण लेक्का म्हणजे हिशोब. अलीकडे हे पद व्ही.ए.ओ., म्हणजे ग्राम आडळित अधिकारी झालं आहे. तिकडे तलाठी, ज्यांचं नवं नाव ग्राम महसूल अधिकारी.

तालुका पंचायत: इकडे ई.ओ., म्हणजे एक्झिक्युटिव्ह ऑफिसर. तिकडे पंचायत समितीचे बी.डी.ओ., म्हणजे गटविकास अधिकारी.

ग्रामपंचायत: इकडे पी.डी.ओ., म्हणजे पंचायत डेव्हलपमेंट ऑफिसर. तिकडे ग्रामसेवक, आता ग्रामपंचायत अधिकारी.

शाळा: तालुक्याला दोन्हीकडे बी.ई.ओ. जिल्ह्याला इकडे डी.डी.पी.आय., म्हणजे डेप्युटी डायरेक्टर ऑफ पब्लिक इन्स्ट्रक्शन. तिकडे जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी.

मोजणी: इकडे ए.डी.एल.आर., म्हणजे भूमी अभिलेखचे असिस्टंट डायरेक्टर. तिकडे उपअधीक्षक, भूमी अभिलेख. जुनी माणसं अजून टी.आय.एल.आर. म्हणतात.

बांधकाम: इकडे ए.ई.ई., म्हणजे असिस्टंट एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर. तिकडे उपअभियंता.

कार्यालयातले कारकून: इकडे एस.डी.ए. आणि एफ.डी.ए., म्हणजे सेकंड आणि फर्स्ट डिव्हिजन असिस्टंट. तिकडे कनिष्ठ आणि वरिष्ठ लिपिक.

सारखी अक्षरं, वेगळी माणसं

सॉफ्टवेअरमध्ये एकच नाव दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टींना दिलेलं असू शकतं. प्रोग्राम गोंधळत नाही, कारण ते नाव कोणत्या कप्प्यातलं आहे हे आधी सांगितलेलं असतं. सरकारी आद्याक्षरांचं तसंच आहे. राज्य आणि खातं हा कप्पा. तो न सांगता नुसती अक्षरं उच्चारली की घोटाळा.

एफ.डी.ए. घ्या. बिदरमध्ये "मुलगा एफ.डी.ए. झाला" म्हटलं की घरात पेढे वाटतात. मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला तेच सांगितलं तर त्याला वाटतं मुलगा हॉटेलांवर धाडी घालणार, कारण महाराष्ट्रात एफ.डी.ए. म्हणजे अन्न व औषध प्रशासन. ई.ओ. घ्या. इकडे तालुका पंचायतीचा प्रमुख, तिकडे जिल्हा परिषदेत ई.ओ. म्हणजे एज्युकेशन ऑफिसर. 'सर्कल' घ्या. लातूर-उदगीरकडे सर्कल म्हणजे महसुलातले मंडळ अधिकारी. आपल्याकडे सर्कल म्हटलं की पोलीस आठवतात, कारण इकडे सी.पी.आय. म्हणजे सर्कल पोलीस इन्स्पेक्टर. "सर्कलसाहेबांनी बोलावलंय" हा एकच निरोप देवणीत आणि औरादमध्ये वेगळा धसका देतो.

पोलिसांत आणखी एक फरक आहे. महाराष्ट्रात पी.एस.आय. आणि पी.आय. यांच्या मध्ये ए.पी.आय. असतो, सहायक पोलीस निरीक्षक. कर्नाटकात ही पायरीच नाही. लातूरकडचं मराठी वर्तमानपत्र वाचताना 'सपोनि', 'पोउपनि', 'पोहेकॉ' असे शब्द दिसतात. माझ्या धाकट्या चुलत भावाला 'सपोनि' हे कुणाचं तरी आडनाव वाटलं होतं. ते आहेत अनुक्रमे सहायक पोलीस निरीक्षक, पोलीस उपनिरीक्षक आणि पोलीस हेड कॉन्स्टेबल.

तरुण मंडळींनी आणखी एक भेद लक्षात ठेवावा: सेवा वेगळी, पद वेगळं. आय.ए.एस. ही सेवा आहे, डी.सी. हे पद. के.ए.एस. ही कर्नाटकची राज्य सेवा, तिच्यासाठी के.पी.एस.सी.ची परीक्षा. ए.सी.च्या खुर्चीवर नवा आय.ए.एस. अधिकारी असू शकतो आणि के.ए.एस. अधिकारीही. अर्ज पदाला करायचा असतो, सेवेला नाही. नावापुढे मराठीत 'भा.प्र.से.' लिहितात, कानडीत 'भा.आ.से.', कारण प्रशासनाला कानडीत आडळित म्हणतात. आय.एफ.एस. तर दोन आहेत, एक परराष्ट्र सेवा आणि एक वनसेवा. दुसरीला म्हणून आय.एफ.ओ.एस. असंही लिहितात.

आत्याचं अपील

हे सगळं कशासाठी, ते सांगते. चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझी आत्या सीमेलगतच्या एका खेड्यात राहते. काका गेल्यावर त्यांच्या वाट्याच्या साडेतीन एकरांवर वारस म्हणून तिचं नाव लागायला हवं होतं. लागलं दिराचं एकट्याचं. आत्याच्या हातात एक कानडी कागद आला. गावात वाचून घेतला तर कळलं की या नोंदीविरुद्ध अपील करता येतं, पण मुदतीत.

तिचे जावई उदगीरचे, जमिनीच्या कामातले माहीतगार. त्यांनी फोनवर सांगितलं, "मामी, प्रांताकडं अपील करा." महाराष्ट्रात हा सल्ला शंभर टक्के बरोबर. आत्या तालुक्याच्या गावी गेली आणि प्रांत ऑफिस विचारू लागली. कुणी तिला तहसीलमध्ये पाठवलं, कुणी पंचायतीत, कुणी म्हणालं बिदरला जा. दर खेपेला अर्धा दिवस आणि बसभाडं. शेवटी वैतागून तिनं मला फोन केला, "अगं पोरी, परांतसाब कुठं बसतेत ते इथं कुणालाच ठावं नाही. हाय का नाही तो माणूस?"

माणूस होता, खुर्चीही होती. फक्त तिच्यावर ए.सी. लिहिलं होतं. कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ च्या कलम १३६ खाली फेरफाराच्या नोंदीवरचं अपील ए.सी.कडे जातं आणि त्यापुढची दाद डी.सी.कडे. मी तिला एवढंच सांगितलं, "प्रांत म्हणू नको, ए.सी. ऑफिस विचार." दुसऱ्या दिवशी एका रिक्षावाल्यानं तिला थेट दारात सोडलं. मुदत संपायला तेव्हा थोडेच दिवस उरले होते. सुनावण्या झाल्या, तारखा पडल्या, वर्ष गेलं, पण आज उताऱ्यावर तिचं नाव आहे. दोन अक्षरं ठाऊक नसती तर साडेतीन एकर कागदावर गेले असते. वकिलानं पुढे सगळं केलंच असतं असं कुणी म्हणेल. पण वकिलापर्यंत पोचण्याआधीच मुदत संपते, अशी घरं आपल्यात कमी नाहीत.

त्या कामात मला आणखी एक शोध लागला. ज्या कानडी कागदांना आपण घाबरतो, त्यातले निम्मे शब्द आपलेच आहेत. मृत्यूनंतरच्या नोंदीला इकडे 'पौती खाते' म्हणतात. ते आपलं 'फौत', 'फौती' हेच. दोन्ही फारसीतून आले. जमिनीच्या उताऱ्याला इकडे 'पहणी' म्हणतात. आपल्या 'पीक पाहणी'तला तो पाहणी. त्याचं इंग्रजी नाव आर.टी.सी., म्हणजे रेकॉर्ड ऑफ राइट्स, टेनन्सी अँड क्रॉप्स: हक्क, कुळ आणि पीक. आणि आपला सातबारा? गाव नमुना सात हा हक्काचा आणि बारा हा पिकाचा. म्हणजे एका राज्यानं नाव अक्षरांनी ठेवलं, दुसऱ्यानं आकड्यांनी, आतली माहिती जवळपास तीच. फरक लक्षात ठेवायचा तो मापाचा. पहणीत एकर-गुंठे, सातबाऱ्यावर हेक्टर-आर. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि साधारण अडीच एकरांचा हेक्टर.

पत्त्याचंही तसंच. मराठीत आपण 'रा.', 'ता.', 'जि.' लिहितो आणि टिंब देतो. कानडीत 'सा', 'ता', 'जि' लिहून पुढे दोन उभे दंड देतात. 'सा' म्हणजे साकिन, राहणार. आपल्या जुन्या मोडी कागदांतही हा साकीन सापडतो. 'अपर जिल्हाधिकारी'मधला 'अपर' दोन्ही भाषांत आहे. 'प्रभारी' दोन्हीकडे आहे. 'अभिवृद्धी' म्हणजे विकास, हे कुणी सांगायची गरज नाही.

मराठी पदनामांचं काय?

कारभाराच्या भाषेचा प्रश्न नवा नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झालं आणि पदनाम कोश निघाला. आचार्य अत्र्यांनी त्याची 'बदनाम कोश' म्हणून थट्टा केली. तरीही त्यातले कितीतरी शब्द आज महाराष्ट्रात सहज बोलले जातात. जिल्हाधिकारी, गटविकास अधिकारी, कार्यकारी अभियंता हे शब्द कुणाला जड वाटत नाहीत. वापरानं शब्द हलके होतात.

आपल्या भागात काय झालं? कर्नाटकाचा राजभाषा कायदा १९६३ चा, महाराष्ट्राचा १९६४ चा. महाराष्ट्रात मराठी पदनामं रुजली, कर्नाटकात कानडी. आपण मधले. मराठी शाळेत शिकलेल्या पिढीला कानडी पदनाम वाचता येत नव्हतं आणि मराठी पदनाम इकडच्या कचेरीत चालत नव्हतं. मग आपण इंग्रजी अक्षरं धरली. डी.सी. म्हटलं की कानडी, मराठी, उर्दू, सगळ्या शेजाऱ्यांना कळतं. ही सोय खरी आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण तिची किंमतही आहे. अक्षरं पाठ झाली आणि त्यांच्या मागचा अर्थ सुटला. 'पी.डी.ओ.ला भेट' हे आजीला ठाऊक असतं, पण त्यांचं काम काय, कोणती तक्रार त्यांच्याकडे करायची आणि कोणती तहसीलदाराकडे, हे कळत नाही. 'पंचायत विकास अधिकारी' असं कुणी एकदा मराठीत सांगितलं असतं तर अर्धं काम नावातच कळलं असतं.

इथे तुमचा, म्हणजे तरुण वाचकांचा, संबंध येतो. तुमच्यापैकी बहुतेकांचं घर मराठी, शाळा कानडी किंवा इंग्रजी. आजोबांना कानडी पाटी वाचता येत नाही, तुम्हाला येते. महाराष्ट्रातल्या भावंडांना पहणी समजत नाही, तुम्हाला समजते. तिन्ही भाषांतली पाटी वाचू शकणारी आपल्या घरातली ही पहिलीच पिढी असेल. हे कौशल्य नोकरीच्या अर्जात लिहीत नाहीत, पण घराला त्याचा उपयोग त्याहून जास्त आहे.

अर्ज लिहिताना

माझ्या अनुभवातून आणि कायद्यातून काही गोष्टी सांगते.

अर्जाच्या वर पदाचं पूर्ण नाव लिहा, मग कंसात अक्षरं, मग कार्यालय आणि गाव. नुसतं 'मा. ए.सी. साहेब' लिहू नका. साहेबांचं स्वतःचं नावही लिहायची गरज नाही. साहेब बदलतात, पद राहतं.

पदाआधी 'प्र.' किंवा 'प्रभारी' असेल तर त्या खुर्चीचा पदभार तात्पुरता दुसऱ्या अधिकाऱ्याकडे आहे असं समजा. तुमचा अर्ज तरीही त्या पदालाच.

सरकारी सेवेची मुदत ठरलेली असते. कर्नाटकात २०११ चा सेवा हमी कायदा आहे, त्यालाच 'सकाल' म्हणतात. अर्ज दिल्यावर जी.एस.सी. नंबर मागून घ्या. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. दोन्हींमध्ये काम कोणत्या पदाकडे आणि अपील कोणत्या पदाकडे हे ठरवून दिलेलं असतं. नाडकचेरीत जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला काढताना हे विचारून घ्यायला संकोच करू नका.

माहिती अधिकाराचा अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी वाया जात नाही. २००५ च्या कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. हा अर्ज मात्र इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो, म्हणजे आपल्याकडे कानडीत.

तक्रारीचं निवेदन मराठीत देता येतं का? राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत ते देण्याचा हक्क आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं त्याला दोन पुस्त्या जोडल्या: ३५०-अ मध्ये मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण आणि ३५०-ब मध्ये भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी. हक्क आहे, तो माहीत असावा. पण काम लवकर व्हावं असं वाटत असेल तर मराठी निवेदनासोबत कानडी प्रतही जोडा. टेबलापलीकडच्या एस.डी.ए.लाही तो कागद वाचायचा असतो, आणि तोही कुणाच्या तरी घरातला मुलगा असतो.

शेवटी ३७१-जे. ही अक्षरं पदाची नाहीत, पण आपल्या मुलांच्या कानावर रोज पडतात. घटनेच्या या अनुच्छेदामुळे बिदर, कलबुर्गी आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या, म्हणजे कल्याण कर्नाटकातल्या, रहिवाशांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत राखीव जागा मिळतात. ही सवलत रहिवासाची आहे, भाषेची नाही. मराठी घरातल्या मुलांनाही ती तितकीच लागू आहे. तिचा दाखला ए.सी. कार्यालयातून मिळतो. बारावीचा, म्हणजे सेकंड पी.यू.चा, निकाल लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो आधीच काढून ठेवा.

मंडळाच्या पुढच्या मेळाव्यात एक छोटं काम करता येईल. प्रत्येक तालुक्यातल्या दोन-तीन मुलांनी आपापल्या तालुक्याची अशी एक यादी करायची: पदाची अक्षरं, पूर्ण नाव कानडीत आणि मराठीत, त्याचं काम आणि कचेरी कुठे आहे. कानडी शब्द देवनागरीत लिहायचे, म्हणजे आजीला वाचता येतील. पद नवीन झालं किंवा नाव बदललं की यादी बदलायची. भालकीची यादी मी करून दिली आहे. औराद, बसवकल्याण, हुमनाबाद आणि आळंदची अजून कुणी घेतलेली नाही.